बिझनेस डेव्हलपमेंटची पदवी मिळाली, आता नोकरी नेमकी कोणती?

बिझनेस डेव्हलपमेंटची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांना जाहिराती भरपूर दिसतात. गोंधळ होतो तो त्या वाचताना. 'बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह' या एकाच पदनामाखाली एक कंपनी दिवसभर अनोळखी लोकांना फोन करायला बसवते, दुसरी निविदांची कागदपत्रं तयार करून घेते आणि तिसरी वितरकांचं जाळं उभं करायला फिरतीवर पाठवते. तिन्ही कामांना लागणारे स्वभाव वेगळे, पगाराची रचना वेगळी आणि पाच वर्षांनी माणूस जिथे पोहोचतो ती जागाही वेगळी. नुसतं पदनाम बघून अर्ज केला तर भलत्याच कामात अडकायची शक्यता मोठी असते. अनेक हुशार मुलंमुली 'हे क्षेत्रच आपलं नाही' म्हणत लवकरच बाहेर पडतात, आणि त्यांच्या स्वभावाला साजेसं काम त्याच ऑफिसात दोन टेबलं पलीकडे चाललेलं असतं. हे मला फार खटकतं.

म्हणून जाहिरात वाचताना आणि मुलाखतीत तीन गोष्टींचा छडा लावायचा. बोलणी कोणाशी करायची आहेत: थेट ग्राहकाशी, भागीदार कंपनीशी, की वितरकाशी? सौदा पक्का करायचा अधिकार तुमच्याकडे आहे, की तुम्ही भेट ठरवून दिली की पुढचं दुसरं कोणी बघणार? आणि वर्षअखेरीला तुमचं काम कोणत्या आकड्यावर जोखलं जाणार? यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कंपनी तोंडाने काहीही सांगो, माणसाचा दिवस त्याच्या आकड्याभोवतीच फिरतो.

इगॉर ॲन्सॉफ या व्यवस्थापनतज्ज्ञाने १९५७ मध्ये केलेली एक मांडणी तुम्ही अभ्यासक्रमात चौकटीच्या रूपात पाहिली असेल. कंपनीला वाढायला चार वाटा असतात: आहे तेच उत्पादन आहे त्याच बाजारात जास्त विकणं, तेच उत्पादन नव्या बाजारात नेणं, जुन्या बाजारासाठी नवं उत्पादन काढणं, किंवा दोन्ही नवं करणं. परीक्षेपुरती पाठ केलेली ही चौकट नोकरी शोधताना फार कामाला येते, कारण प्रत्येक वाटेवर कंपनीने वेगळी माणसं नेमलेली असतात. जुन्या ग्राहकांकडे अकाउंट मॅनेजर बघतो. नवा बाजार विक्री, वितरण आणि भागीदारी सांभाळणारे लोक उघडतात. नव्या उत्पादनाभोवती बाजार-संशोधन आणि प्रॉडक्ट मार्केटिंगवाले असतात. चौथी वाट सगळ्यांत जोखमीची. तिथे अनेकदा दुसरी कंपनीच विकत घ्यायची बोलणी चालतात.

बहुतेकांची सुरुवात इथून होते

सॉफ्टवेअर आणि सेवा विकणाऱ्या बऱ्याच कंपन्यांनी विक्रीचं काम दोघांत वाटून टाकलं आहे. एक जण संभाव्य ग्राहक शोधतो, पहिलं बोलणं करतो आणि भेट ठरवून देतो. त्याला सेल्स किंवा बिझनेस डेव्हलपमेंट रिप्रेझेंटेटिव्ह म्हणतात. रोजच्या बोलण्यात एसडीआर किंवा बीडीआर. दुसरा, म्हणजे अकाउंट एक्झिक्युटिव्ह, ती भेट सौद्यापर्यंत नेतो. नव्या पदवीधराच्या वाट्याला बहुतेकदा पहिलं काम येतं.

त्याचा हिशेब आधीच समजून घेतलेला बरा. समजा, १०० कंपन्यांशी संपर्क केला, त्यांतल्या १० जणांनी उत्तर दिलं, ४ भेटी ठरल्या आणि अखेर १ सौदा झाला. हे आकडे उदाहरणापुरते आहेत; प्रत्येक धंद्यात ते वेगळे येतात. पण रीत हीच. तिमाहीत ३ सौदे हवे असतील तर ३०० कंपन्या लागणार, आणि तिमाहीत कामाचे ६० दिवस धरले तर रोज ५ नव्या कंपन्या गाठाव्या लागणार. जुन्यांना पुन्हा फोन, स्मरणपत्रं, सीआरएममध्ये (म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रत्येक बोलण्याची नोंद, हे सगळं त्याशिवाय. यात १०० पैकी ९९ जण काही विकत घेत नाहीत. नकार मनाला लावून घेणाऱ्याला हे काम जड जातं. नकारामागचं कारण शोधण्यात ज्याला रस आहे तो इथे झपाट्याने शिकतो.

ठरलेली भेट खरोखर कामाची आहे की नाही हे तपासायला आयबीएमच्या विक्री विभागातून आलेली एक जुनी पद्धत अजून वापरात आहे. चार गोष्टी बघायच्या: समोरच्याकडे बजेट आहे का, निर्णय त्याच्या हातात आहे का, त्याची गरज खरी आहे का आणि ती कधीपर्यंत भागवायची आहे. यातली दुसरी गोष्ट नवख्यांकडून हमखास निसटते. गोड बोलणारा, सगळ्याला 'छान आहे' म्हणणारा, पण सहीचा अधिकार नसलेला माणूस महिनेच्या महिने खाऊन टाकतो. 'तुमचा बॉस कोण?' असं तोंडावर विचारलं तर तो दुखावतो. त्याऐवजी 'याआधी अशी खरेदी झाली तेव्हा ती कोणाकोणाकडून मंजूर झाली होती?' असं विचारलं की तोच माणूस ऑफिसातली सगळी साखळी आपणहून सांगतो.

'मला फार बोलता येत नाही, मग हे क्षेत्र मला जमेल का?' असं अनेक जण विचारतात. जमेल. विक्रीचे अभ्यासक नील रॅकहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ वर्षं सुमारे ३५,००० विक्रीभेटींचा अभ्यास केला. मोठ्या सौद्यांमध्ये 'आता सही कराच' असा रेटा लावणारे मागे पडतात आणि ग्राहकाची अडचण व तिचे परिणाम त्याच्याच तोंडून वदवून घेणारे पुढे जातात, असं त्यांना आढळलं. अघळपघळ बोलणाऱ्यापेक्षा नेमकं विचारणारा आणि उत्तर संपेपर्यंत थांबणारा माणूस इथे जास्त टिकतो, असं माझंही मत आहे.

हे काम सध्या बदलतंय, तेही ध्यानात घ्या. एका बटणावर हजारो ईमेल लिहिणं आणि पाठवणं यंत्राला जमू लागल्यावर ईमेल सेवांनी दारं आवळली. दिवसाला जीमेलवर ५,००० हून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांसाठी गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्याची ओळख पडताळणं आणि एका क्लिकवर यादीतून बाहेर पडायची सोय देणं बंधनकारक केलं. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवण्याची अटही घातली. याहूनेही असेच नियम आणले. त्यामुळे ढीगभर ईमेल सोडणाऱ्याची किंमत घसरतेय आणि दहाच कंपन्या निवडून त्यांचा नीट अभ्यास करून लिहिणाऱ्याची वाढतेय. 'रोज किती ईमेल पाठवले' याच आकड्यावर जोखणारी नोकरी समोर आली तर दोनदा विचार करा.

पगाराचा कागद कसा वाचायचा

विक्रीच्या जवळच्या कामांत पगार दोन भागांत असतो: ठरलेला आणि कामगिरीवरचा. सौदे पूर्ण करणाऱ्या पदांवर हे दोन भाग निम्मे-निम्मे असणंही नवलाचं नाही. ऑफर लेटरवर ठळक छापलेला आकडा अनेकदा टार्गेट शंभर टक्के पूर्ण केल्यावर मिळणारा असतो. म्हणून मुलाखतीत सरळ विचारा: 'गेल्या वर्षी टीममधल्या कितीजणांनी टार्गेट पूर्ण केलं?' जिथे निम्म्या लोकांनाही ते जमलेलं नाही, तिथे तो ठळक आकडा कागदावरच राहणार असं धरून चाला. उत्तर टाळलं गेलं तर तेही एक उत्तरच.

आणखी दोन बारकावे आहेत. कमिशन कधी मिळतं: सही झाल्यावर, बिल गेल्यावर, की ग्राहकाचे पैसे जमा झाल्यावर? आणि ग्राहकाने मध्येच करार मोडला तर दिलेलं कमिशन परत कापून घेतात का? नव्या माणसाला कामात रुळेपर्यंत टार्गेट कमी ठेवतात की पहिल्याच महिन्यापासून पूर्ण लावतात, हेही विचारून घ्या. असे प्रश्न विचारले की उमेदवार पैशांच्या मागे आहे असं वाटेल, ही भीती बाळगू नका. ज्याला स्वतःचा करार नीट वाचता येत नाही त्याच्या हाती कंपनीचे करार कोण देईल?

ग्राहक टिकवणं

नव्या ग्राहकामागे धावण्यापेक्षा असलेला सांभाळण्यात ज्यांचं मन रमतं, त्यांच्यासाठी अकाउंट मॅनेजमेंट आणि कस्टमर सक्सेस ही दोन कामं आहेत. दुसरं काम सॉफ्टवेअरच्या धंद्यासोबत वाढलं. १९९९ मध्ये सुरू झालेल्या सेल्सफोर्ससारख्या कंपन्यांनी सॉफ्टवेअर एकदाच विकायच्या ऐवजी वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. वर्गणीचा ग्राहक नाराज झाला की मुदत संपताच निघून जातो, त्यामुळे विक्रीनंतर त्याच्याकडे लक्ष देणारा माणूस नेमणं भाग पडलं.

याचा हिशेब डोळे उघडणारा आहे. दर महिन्याला ५ टक्के ग्राहक गळाले तर ऐकायला ते किरकोळ वाटतं. पण वर्षअखेरीला १०० पैकी साधारण ५४च उरतात. ही गळती रोखणाऱ्याचं काम विक्रीइतकं झगमगीत दिसत नाही, कंपनी मात्र त्याच्या जिवावर तगते. इथला आकडा म्हणजे किती करार पुन्हा झाले आणि जुन्या ग्राहकांकडून मिळणारं उत्पन्न किती वाढलं.

भागीदारी: या क्षेत्राचा गाभा

बिझनेस डेव्हलपमेंट हे काम विक्रीपासून खऱ्या अर्थाने वेगळं होतं ते इथे. दुसऱ्या कंपनीकडे जे आहे आणि आपल्याकडे नाही (ग्राहक, कारखाना, तंत्रज्ञान, परवाने), ते विकत न घेता करार करून वापरायचं, हे भागीदारीचं सूत्र. या कामातला एखादा शब्द कंपनीचं नशीब कसा बदलतो, हे बघायला एक जुना करार पुरे.

१९८० मध्ये आयबीएमला आपल्या नव्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती. मायक्रोसॉफ्ट तेव्हा लहान कंपनी होती आणि तिच्याकडे तशी सिस्टिम तयारही नव्हती. तिने सिएटलमधल्या एका छोट्या कंपनीकडून ती मिळवली, सुधारली आणि आयबीएमला दिली. पण करारात तीच सिस्टिम इतर कंपन्यांना विकण्याचा हक्क स्वतःकडे राखला. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा कॉम्प्युटर बाजारात आला. पुढे इतर कंपन्या त्याच धर्तीची यंत्रं बनवू लागल्या आणि त्या सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी मायक्रोसॉफ्टच्या दारात आल्या. आयबीएमकडून त्या वेळी मिळालेल्या पैशांपेक्षा राखून ठेवलेला तो हक्क कितीतरी पट मोलाचा ठरला.

भागीदारी मॅनेजरच्या टेबलावर असेच मुद्दे रोज येतात. समजा, एक मोठी कंपनी म्हणते, 'तुमचं उत्पादन आम्ही विकू, पण फक्त आम्हीच विकू.' नवखा माणूस मोठ्या नावाला भुलून हो म्हणतो. अनुभवी माणूस ही मागणी तुकड्यांत फोडतो. फक्त तुम्हीच, पण कोणत्या प्रदेशात? कोणत्या प्रकारच्या ग्राहकांसाठी? किती महिने? आणि वर्षाला किमान किती माल उचलाल? तेवढा उचलला नाही तर एकाधिकार आपोआप संपेल, हे करारात लिहायचं का? या शेवटच्या वाक्यावर सगळ्यात जास्त घासाघीस होते आणि व्हायलाच हवी. तेवढं नसेल तर मोठी कंपनी तुमचं उत्पादन कपाटात ठेवून देईल आणि तुम्हाला दुसरीकडेही विकता येणार नाही.

औषध आणि जैवतंत्रज्ञानात हे काम सर्वांत खोलवर जातं. छोटी कंपनी संशोधन करते, मोठीकडे चाचण्या, उत्पादन आणि जगभर वितरण करण्याची ताकद असते. पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात: सही होताना एक रक्कम, चाचणीचा किंवा मंजुरीचा प्रत्येक टप्पा पार पडला की पुढची, आणि औषध विकलं जाऊ लागलं की रॉयल्टी. बायोएनटेक आणि फायझर यांनी २०१८ मध्ये फ्लूच्या लशीसाठी हातमिळवणी केली होती. २०२० मध्ये कोविडची लस करायची वेळ आली तेव्हा ओळख, कराराची घडी आणि एकमेकांच्या शास्त्रज्ञांवरचा विश्वास तयारच होता. इथे मात्र स्पष्ट सांगायला हवं की नुसत्या बिझनेस डेव्हलपमेंटच्या पदवीवर या दालनात शिरकाव अवघड आहे. सोबत जीवशास्त्र, औषधनिर्माण किंवा पेटंटची जाण लागते. पदवीआधीचं शिक्षण विज्ञानातलं असेल तर ही वाट जरूर तपासा. विज्ञान आणि व्यवहार या दोन्ही भाषा बोलणारी माणसं फार थोडी असतात.

यालाच लागून विद्यापीठांची तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयं येतात. अमेरिकेत १९८० च्या बाय-डोल कायद्याने सरकारी निधीतून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना ठेवता येऊ लागली आणि या कार्यालयांना मोठं बळ मिळालं. प्रयोगशाळेतला शोध कोणत्या उद्योगाला उपयोगी पडेल हे ओळखून परवान्याचा करार करणं हे त्यांचं काम. वेग कमी, समाधान मोठं.

वितरण, निविदा आणि पडद्यामागची कामं

वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांत बिझनेस डेव्हलपमेंट म्हणजे बहुतेकदा वितरक आणि डीलर उभे करणं. इथला एक सापळा आधीच माहीत हवा. वितरकाच्या गोदामात माल गेला की कंपनीच्या वहीत विक्री दिसते; पण तो गोदामातून पुढे सरकला नाही तर पुढच्या तिमाहीत ऑर्डर येत नाही. टार्गेट गाठायला महिनाअखेरीस वितरकाच्या गळ्यात माल मारणारे मॅनेजर काही महिने चमकतात आणि मग त्याच वितरकाला तोंड दाखवू शकत नाहीत. चांगला माणूस गोदामातून दुकानात आणि दुकानातून ग्राहकाकडे किती गेलं याकडे डोळा ठेवतो. फिरतीची आवड, हिशेब पक्का आणि माणसं जोडायची हातोटी असेल तर या कामाला तोड नाही.

लिहिण्यात ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनी निविदा आणि प्रस्तावांचं काम अवश्य बघावं. बांधकाम, संरक्षण, माहिती तंत्रज्ञान, सरकारी खरेदी, सगळीकडे मोठे सौदे प्रस्तावाच्या कागदांवर ठरतात. यातलं पहिलं कौशल्य लिहिण्याचं नाहीच. कोणत्या निविदेच्या वाटेला जायचं नाही, हे ठरवण्याचं आहे. जिंकण्याची आशा नसलेल्या निविदेत सगळी टीम तीन आठवडे राबते आणि जिंकता येण्याजोगी बाजूला राहते. एकदा भरायची ठरली की प्रत्येक अटीसमोर 'पूर्तता कुठे, कोणत्या पानावर' असा तक्ता करतात. एखादं प्रमाणपत्र जोडायचं राहिलं तर उत्तम प्रस्तावही उघडताक्षणी बाद होऊ शकतो. वेळेचं बंधन मात्र निर्दय असतं.

ग्राहकासमोर जायची इच्छाच नसलेल्यांनाही जागा आहे. बाजार-संशोधन, प्रॉडक्ट मार्केटिंग आणि रेव्हेन्यू ऑपरेशन्स ही कामं पडद्यामागची. रेव्हेन्यू ऑपरेशन्सवाला सीआरएममधली आकडेवारी स्वच्छ ठेवतो, पुढच्या तिमाहीचा अंदाज बांधतो, कोणाला कोणता प्रदेश आणि किती टार्गेट द्यायचं ते सुचवतो. स्प्रेडशीट आणि डेटाबेस हाताळता येणाऱ्याला ही वाट सध्या चांगली आहे.

कंपन्या विकत घेण्याचं काम, म्हणजे कॉर्पोरेट डेव्हलपमेंट, ऐकायला आकर्षक वाटतं. या टीम लहान असतात आणि त्यांत बहुधा इन्व्हेस्टमेंट बँक, सल्लागार संस्था किंवा लेखापरीक्षणातून आलेली माणसं असतात. पदवीनंतर लगेच हीच नोकरी हवी म्हणून अडून बसू नका. आधी कंपनीचं मूल्यांकन आणि ताळेबंद यांवर पकड बसेल असं काम धरा. वकिली, वास्तुरचना किंवा सल्ला देणाऱ्या फर्ममध्येही बिझनेस डेव्हलपमेंटची पदं असतात. तिथे ग्राहकांशी संबंध फर्मच्या मालक-भागीदारांचे असतात आणि तुम्ही त्यांच्यासाठी सादरीकरणं आणि माहिती तयार करता. सामाजिक संस्थांतला निधी उभारणीचा विभागही याच कौशल्यांवर चालतो.

अनुभव नसताना काय दाखवायचं

अभ्यासक्रमात दोन गोष्टी अनेकदा कच्च्या राहतात: ताळेबंद वाचणं आणि करार वाचणं. दोन्ही स्वतः शिकता येतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल सर्वांना खुले असतात. तुम्हाला आवडणाऱ्या उद्योगातल्या तीन कंपन्यांचे अहवाल घ्या आणि उत्पन्न कुठून येतं, कोणत्या ग्राहकावर किती भिस्त आहे, जोखमींच्या प्रकरणात काय लिहिलंय हे वहीत उतरवा.

मग ज्या कंपनीत अर्ज करायचा तिच्यासाठी एका पानाची टिपणी तयार करा. तिने कोणाशी भागीदारी करावी, त्यात समोरच्याचा फायदा काय, पैसे कसे वाटले जातील आणि हा बेत कशामुळे फसू शकतो. फसण्याची कारणं प्रामाणिकपणे लिहा. मुलाखत घेणारा तोच परिच्छेद सर्वांत लक्ष देऊन वाचेल. तुमची सूचना चुकीची असली तरी बिघडत नाही. ती का चालणार नाही हे तो सांगू लागला की मुलाखतीचं रूपांतर कामाच्या चर्चेत झालेलं असतं.

पहिली नोकरी निवडताना मी तरी पदनामापेक्षा बॉसकडे आणि सौद्याच्या कालावधीकडे बघायला सांगेन. ज्या धंद्यात एक सौदा व्हायला दीड वर्ष लागतं तिथे पहिल्या वर्षात सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा एकही व्यवहार बघायला मिळत नाही. काही आठवड्यांत निकाल लागणाऱ्या विक्रीत तेवढ्याच काळात डझनावारी व्यवहार डोळ्यांखालून जातात. नवशिक्याला दुसरं बरं. तिथून मोठ्या सौद्यांकडे, भागीदारीकडे किंवा आकडेवारीकडे वळता येतं, आणि वळताना उपयोगी पडते ती केलेल्या कामाची नोंद. कोणता सौदा, तुमची भूमिका काय, अडलं कुठे आणि सुटलं कसं, हे दर महिन्याला लिहून ठेवा. त्यात ग्राहकाचं नाव आणि गोपनीय आकडे येऊ देऊ नका. ग्राहकांची यादी, किंमतपत्रकं आणि सीआरएममधला डेटा कंपनीचा असतो. नोकरी सोडताना तो स्वतःच्या ईमेलवर पाठवला तर कराराचा भंग होतो आणि प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं. राजीनामा देण्याआधी नेमणुकीच्या करारातलं गोपनीयतेचं आणि प्रतिस्पर्धी कंपनीत जाण्याबाबतचं कलम पुन्हा एकदा वाचून घ्या.